हँडलवरची रेघ

सायकलच्या दुकानात किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत न्हाई. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं, अन् बसलं की बोलतं! चौसाळ्यात हायवेला लागून आमचं दुकान. आता मोटारसायकलीच जास्त येतात. पण माझ्या ध्यानात राहिले ते हँडल वर घेणारे. वय झालं, कंबर धरली, की माणूस येतो अन् म्हणतो, मिस्तरी, जरा वर घ्या.

ह्या कामाची आमच्या उस्तादांची एक शिस्त होती. हँडल वर ओढायच्या आधी, जुन्या उंचीवर हँडलच्या दांडीला कानशीनं बारीक रेघ मारायची. मी नवा होतो तवा विचारलं, कावून? उस्ताद म्हणले, "बेटा, अर्धी माणसं उद्या परत येतात. त्यांना जुन्या जागी जायचं असतं."

सगळे हँडल वर घ्यायचे, एकटे ज्ञानोबा तात्या सोडून. रोज सकाळी डेअरीला दूध घालून ते बाकड्यावर कंबर शेकत बसायचे, दुसऱ्यांची गंमत बघत. त्यांचं शेवटी सांगतो.

*

एका पुढाऱ्यानं निवडणुकीत सायकलवर प्रचार करायचं ठरवलं. वाकणं मंजूर न्हाई, लोकांना छाती दिसली पाहिजे! घेतलं छातीएवढं वर. म्हणलं साहेब, ब्रेकची वायर तोकडी पडतीय, बदलू. त्यांना घाई. पहिल्याच उताराला वायर निसटली. हार घेऊन उभ्या बाया मागं राहिल्या, अन् साहेब थेट विरोधकाच्या ओट्याला जाऊन टेकले. चहा घेऊनच उठावं लागलं!

दुसऱ्या दिवशी गपगुमान सायकल पाठवली. रेघेवर आणून दिली.

*

चकलांब्याचे एक मामा इथं लेकीकडं आलते. मिस्तरीला कशाला पैसे द्या म्हणून हँडल घरीच वर ओढलं. जरा जास्तच ओढलं. दुपारी मामा चालत दुकानात आले, हातात नुसतं हँडल.

"मिस्तरी, एवढं वर आलंय. बाकीची सायकल बांधावर हाय."

तात्या त्या दिवशी इतके हसले की कंबरेत उसण भरली.

*

माझंही सांगून टाकतो. एकदा दुकानात कुणी नव्हतं. मी माझ्याच सायकलचं वर घेतलेलं हँडल खाली जुन्या रेघेवर आणलं. कॉलेजात असताना वाकून कशी पळवायचो, तशी पळवावी वाटली. लई वाटलं. फाट्यापर्यंत गेलो. येताना सायकल हातात धरून चालत आणली.

बायकोनं विचारलं, "सायकल बिघडली का?"

न्हाई म्हणलं.

*

आता तात्या. वस्ती दोन कोसावर, माणूस सहा फुटी, अन् सायकल लेकीची, कावेरीची. ती आठवीत होती तवा मीच तिच्या मापानं हँडल बसवलतं. पुढं ती नर्सिंगला अंबाजोगाईला गेली, सायकल तात्यांकडं राहिली. त्या लेकराच्या सायकलवर तात्या दुमडून बसायचे. उतरल्यावर घटकाभर सरळ होता येत नव्हतं. किती वेळा म्हणलं, चार बोटं वर घेऊ.

"नको. पोरगी आल्यावर तिला उंच होईल."

पोरगी आता मोठी झाली तात्या, तिथंच नोकरीला लागली, दिवाळीला दोन दिवस येती अन् तेवढ्यात सायकलकडं बघत पण न्हाई. हे सगळं माझ्या ओठावर यायचं. माझ्याच्यानं बोलवलं न्हाई कधी. वाट बघणाऱ्या माणसाला काय सांगावं?

यंदाच्या दिवाळीत कावेरी सायकल ढकलत दुकानात आली. मागं तात्या, कमरेवर हात. बाप खाटेवरून कसा उठतो ते तिनं सकाळी बघितलं होतं.

"काका, हँडल वर घ्या. जेवढं जाईल तेवढं." मग तात्यांकडं वळून हळूच म्हणली, "तात्या, मला न्हाई लागत आता ही सायकल."

तात्या बाकड्यावर बसले, हायवेकडं तोंड करून.

मी कानस उचललीच न्हाई. म्हणलं, आता कशाला. बोल्ट ढिला केला, वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडा मारला, दांडी सुटली. ओढणार, तेवढ्यात मागून तात्या बोलले. तोंड हायवेकडंच.

"मिस्तरी, आधी रेघ मारा."

मी कानशीला हात घातला, तर कावेरीनं ती माझ्या आधी उचलली. रेघ तिनंच मारली.