शुद्धी म्हणजे औषध थोडंच!

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय.

महिन्यापूर्वी नागावला एका होमस्टेत पोटशुद्धीचं शिबिर केलं. "डाव्या कुशीवर झोपा, ताई," म्हणत तिथल्या सरांनी एनिमा दिला. दुसऱ्या दिवसापासून शौचातून रक्त. दवाखान्यात दुर्बिणीच्या तपासणीत आतड्याला जखमा दिसल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंना आतड्याच्या जन्मभराच्या आजाराची शंका आली.

आज त्यांनी पुन्हा विचारलं, "त्याआधी काही औषध घेतलं होतंत?"

"नाही हो, फक्त शुद्धी केली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शुद्धीच्या एनिमात काय घातलं होतं?" मी तिथूनच होमस्टेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांनी सरांच्या बाटलीवरचं नाव वाचलं. हायड्रोजन पेरॉक्साइड!

"मग हा तो आजार नसावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं आतडं आतून भाजलंय."

रिक्षा करून थेट नागाव गाठलं. नवी माणसं चटयांवर बसली होती. बाटली उचलून सरांपुढे धरली.

"सर, आज आधी तुम्ही घ्या."

"मला कशाला? माझं पोट साफ हाय!"

हे ऐकून सगळे उठले आणि चपला शोधायला लागले.

पोलिसात तक्रार दिलीय. सर माफी मागतायत. मला माफी नकोय. मला तो माणूस डाव्या कुशीवर झोपलेला बघायचाय.

चुकतंय का माझं?