इंजिनाचं लाटणं

जगात जेवढी म्हणून स्वयंपाकाची भांडी आहेत ती मुळात मोटार दुरुस्त करायलाच बनवलेली आहेत, आणि माणसं अडाणीपणानं त्यात जेवण रांधतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी उभ्या जन्मात बघितला. तो माझा व्याही. थोरली मुलगी रोह्याला त्यांच्या घरात दिली, तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की माणूस सज्जन आहे, धाटावला कंपनीत बॉयलरवर कायम आहे, घरची थोडी भातशेती आहे, व्यसन कसलं नाही. सगळं खरं निघालं. फक्त आप्पेपात्राचं कोणी सांगितलं नव्हतं.

मी पेणच्या रामवाडीतला मिस्त्री. शिक्षण चौथी, त्यातही चौथीतून मास्तरांनी कंटाळून ढकललेला. पण हायवेच्या कडेला चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आणि ड्रायव्हर लोकांत माझं एक नाव होतं, की हा मिस्त्री गाडी कानानं बघतो. रस्त्यावरून ट्रक नुसता गेला तरी हातातला चहा खाली न ठेवता मी सांगायचो, "टॅपेट बोंबलतोय याचा, वडखळला थांबेल बघा." आणि तो थांबायचा. माझे पाने भिंतीवर खिळ्यांना नंबराप्रमाणे ओळीनं लावलेले असत. दुसऱ्याच्या पान्याला मी कधी हात लावला नाही, माझ्याला लावू दिला नाही. अशा माणसाच्या नशिबी हे व्याही आले.

रिटायर व्हायच्या सुमारास त्यांनी कंपनीतल्या एका साहेबाची जुनी पांढरी मोटार घेतली, आणि घेतल्यापासून तिला एकदाही गॅरेजचं तोंड दाखवलं नाही. "घरची हाय ती. घरच्या माणसाला आपण आधी हळद-सुंठच देतो ना?" असं म्हणायचे, आणि नुसतं म्हणायचे नाहीत. रेडिएटर गळायला लागला की त्यात दोन चमचे हळद टाकायचे. गळती थांबायची, आणि मग महिनाभर गाडीखाली पिवळं पाणी टपकलं की विहीणबाई म्हणायच्या, "हळदीकुंकू घालतेय सवत माझी." पेट्रोलच्या टाकीला चीर गेली की अंगाचा साबण ओला करून तिच्यात भरायचा. भर पावसात वायपर बंद पडला की खिशातून अर्धा बटाटा काढून काचेवर चोळायचा, म्हणजे पाणी थेंब न धरता घरंगळून जातं. बॅटरीच्या टोकांवर हिरवी बुरशी आली की खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. जुनं ब्रेकऑईल खेचायला गुरांच्या डॉक्टरकडून मागून आणलेली म्हशीची पिचकारी. आणि आप्पेपात्र कशाला, तर कार्बोरेटर खोलताना निघालेला पहिला स्क्रू पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात, असे ओळीनं ठेवायला, म्हणजे जोडताना उलटं येत जायचं. पडवीच्या आढ्याला त्यांनी सुंभानं एक करवंटी टांगली होती. गाडी आत घेताना ती काचेला टेकली की थांबायचं, म्हणजे पुढची भिंत वाचते. आळीतल्या बायका ती दृष्टीची समजून येता-जाता तिला हात जोडायच्या.

बैठकीला मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं तेव्हा हे एका हातानं पायजमा धरून बोनेटपाशी उभे होते. दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी, नाडीच्या टोकाला फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक, आणि ते सोडलेलं खाली इंजिनात. "या मिस्त्री, बसा," म्हणाले. "नट पडलाय आत. तो वर आला की पायजमा बांधतो, मग बोलू." मी बसलो. नट वर आला, पायजमा बांधला गेला आणि लग्न ठरलं.

या सगळ्यात मानाचं हत्यार म्हणजे लाटणं. त्याचं एक टोक चालत्या इंजिनाला लावायचं, दुसरं उजव्या कानाला, आणि डोळे मिटून डॉक्टरासारखं ऐकत राहायचं. विहीणबाई म्हणायच्या, "आमच्यात भाकरी थापतात म्हणून बरं. नायतर या माणसानं मला उपाशी मारली असती."

आता मी मुलीचा बाप. आमच्याकडं मुलीच्या बापानं व्याह्यापुढं वाकून राहायचं, आणि नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरी जेवायचंसुद्धा नाही. मी तर जन्मात कोणापुढं वाकलो नव्हतो, आणि इथं वाकायचं ते आप्पेपात्रात स्क्रू ठेवणाऱ्यापुढं! ते माझ्या मनात सलायचं. नात झाली, बारसं आलं, मी पहिल्यांदा त्या घरात पाटावर बसणार म्हणून विहीणबाईंनी आप्पे करायचे ठरवले होते, तर हे म्हणाले, "आप्पे परवा. कार्बोरेटर उघडा हाय." झालं, मला संधी मिळाली. भरल्या मांडवात मी मोठ्यानं म्हणालो, "व्याही, मग एक कढई तरी द्या. क्लचप्लेट तळून घेऊ!" सगळा मांडव हसला. सगळ्यात जास्त व्याही हसले. फक्त माझी मुलगी हसली नाही. आत गेल्यावर म्हणाली, "बाबा, त्यांच्याच घरात बसून?"

"मस्करी गो," मी म्हणालो. मस्करी नव्हती ती. वाकायला लागत होतं त्याचा मी सूड काढत होतो, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पुढची गोष्ट सांगायला जीव कचरतो. माझे कान जात होते. घणाचा आवाज, हॉर्न, पत्र्याच्या शेडमध्ये फुल रेसवर चालवलेली इंजिनं, तीस वर्षांत त्यांनी आपलं काम केलं. मी कोणाला कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. समोरच्याच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखायचो. बोनेटवर हात ठेवून थरथर जोखायचो, आणि उरलेलं नावावर निभावून न्यायचो. कानानं गाडी बघणारा मिस्त्री बहिरा झाला हे हायवेला कळलं असतं तर माझ्यापाशी राहिलं काय असतं? भिंतीवरचे पाने.

नात दोन वर्षांची असताना मुलीला आणि तिला माहेरपणाला न्यायला मी रोह्याला गेलो. त्या पांढऱ्या गाडीनंच पेणला यायचं ठरलं होतं. व्याही म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या उजव्या चाकात कायतरी किरकिरतंय. तुम्ही आलाच हाय तर जरा कान लावा." आळीतली चार माणसं जमली, माझा कान बघायला. व्याह्यांनी गाडी माझ्यासमोरून हळूहळू दोनदा नेली. मी डोळे मिटून, मान कलती करून उभा राहिलो, आणि मला वाऱ्याखेरीज काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. चार माणसं बघत होती. मी म्हणालो, "कायपण नाय. पेणला काय, गोव्याला जाईल. बसवा पोरीला."

व्याह्यांनी चाकाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "मिस्त्री बोलले म्हंजे झालं." आणि पाच मिनिटांनी खिसे चाचपायला लागले. चावी हरवली! सगळं घर शोधायला लागलं. स्वतः व्याही तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसले. शेवटी आम्ही एसटीनं निघालो, आणि उंबरा ओलांडताना मला पडवीतलं आप्पेपात्र दिसलं. त्याच्या मधल्या खळग्यात चावी होती.

एसटीत मला एकच दिसत होतं, आप्पेपात्रातली ती चावी. माझ्या शब्दावर यांनी आपली नात गाडीत बसवली नाही! सहा महिने मी रोह्याला गेलो नाही. मुलीनं निरोप धाडले, मी उत्तर दिलं नाही.

मग एका दुपारी व्याहीच एसटीनं आले. गॅरेजमध्ये मी एकटाच होतो, आणि एक टेम्पो चालू ठेवून त्याच्यात काय बिघडलंय ते समजत नसल्यामुळं त्याच्याकडं नुसता बघत बसलो होतो. व्याह्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाटणं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"एक टोक इंजिनाला लावा. दुसरं कानाला नको, दातात धरा."

"काय खुळ्यावानी बोलता?"

"कोण बघत नाय. धरा."

मी धरलं, आणि आवाज आला. कानातून नाही, जबड्यातून, डोक्याच्या मधोमध. टॅपेट, चेन, पाण्याच्या पंपाची कुरकुर, एकेक ओळखीचा आवाज, वर्षानुवर्षं परगावी असलेली घरची माणसं ओळीनं दारात येऊन उभी राहावीत तसा. मी लाटणं सोडलं नाही. सोडलं असतं तर तोंडातून काहीतरी भलतंच निघालं असतं.

व्याही रस्त्याकडं तोंड करून उभे होते. मग वळले, मला त्यांचे ओठ दिसावेत म्हणून, आणि म्हणाले, "माझा डावा कान बॉयलरनं खाल्ला. उजवा पण अर्धाच. तुम्हाला काय वाटलं, हौस हाय मला लाटण्याची? तुम्ही माणसाच्या तोंडाकडं बघून ऐकता. मी पण तसाच ऐकतो. म्हणून कळलं."

मी दातातलं लाटणं काढलं आणि विचारलं, "त्या चाकात काय निघालं?"

"बेअरिंग. तुकडे झाले होते."

तेवढंच. वडखळ यायच्या आत कुठंतरी ते चाक निघालं असतं हे त्यांनी सांगितलं नाही, मला सांगावं लागलं नाही. आत माझी मुलगी आणि नात असती. त्या माणसाचे मी पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "चहा घेता?"

"घेतो," म्हणाले. "लाटणं ठेवा. घरात दुसरं हाय."

पुढं नऊ वर्षं मी गॅरेज त्या लाटण्यावर चालवलं. गिऱ्हाइकाला चहाला पिटाळायचं, शटर अर्धं ओढायचं, आणि लाटणं दातात धरायचं. गिऱ्हाईक परत आलं की मी पुन्हा कानानं गाडी बघणारा मिस्त्री. नाव वाढलंच. आणि आता खरी लाज सांगतो. या नऊ वर्षांत एकाही गणपतीत, एकाही लग्नात मी कढईची ती मस्करी सोडली नाही. लोक मागायचे, मी सांगायचो, आणि व्याही समोर बसून पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. एकदाच, एका साखरपुड्यात मी जरा जास्तच रंगात आलो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "मिस्त्री, दात कसे हायेत?"

"बरे हायेत," म्हणालो आणि खाली बसलो.

दोन वर्षांपूर्वी व्याही गेले. तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं त्यांच्या आठवणी काढून हसत होती, पिचकारी, नाडी, करवंटी. कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, ती कढईची सांगा." मी सांगितली. तिथंसुद्धा सांगितली. सगळे हसले, फक्त यावेळी समोर हसायला ते नव्हते. तेवढ्यात विहीणबाई माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "सगळी हत्यारं गावली. तेवढं इंजिनाचं लाटणं कुठं गावत नाय." मी पानाला चुना लावत बसलो.

आठ दिवसांनी ते लाटणं वर्तमानपत्रात गुंडाळून मी रोह्याला गेलो. विहीणबाई अंगणात राखेनं आप्पेपात्र घासत होत्या. मी लाटणं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते उचलून फिरवलं. एका टोकाला दातांच्या खुणा होत्या. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "हे ह्यांचे. ह्यांचा पुढचा एक दात तिरका होता. आन् हे?"

"माझे," म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. कान, चाक, चावी, शटर, काही मागं ठेवलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पेणला निघाले त्या दिवशी सकाळी त्यांनी हे लाटणं साबणानं धुतलं. मग चिंचेनं घासलं, मग उन्हात ठेवलं. अख्ख्या संसारात एक पेला विसळला नाय त्या माणसानं. मी तवाच म्हटलं, ह्ये कोणाच्यातरी तोंडात जायचं हाय."

त्या दिवशी त्यांनी आप्पे केले. आप्प्यांना ग्रीसचा वास येत होता. मी तेरा खाल्ले. निघताना त्यांनी लाटणं माझ्या हातात परत दिलं. "न्या. आमच्यात भाकरी थापतात."

वर्तमानपत्र तिथंच राहिलं. एसटीत मी लाटणं उघडंच मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा माणूस लाटण्याकडं बोट करून काहीतरी बोलला. मी सवयीनं त्याच्या ओठांकडं बघितलं, पण गाडी हलत होती, काही लागेना. तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी ते वाक्य बोललो, "जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाय."

तो ओरडला, "म्हटलं, लाटणं कुठं नेताय बाबा?" सगळी गाडी वळून बघायला लागली.

"इंजिनाचं हाय," मी म्हणालो. "माझ्या व्याह्यांचं."