मोजआजीचा सातवा

शाळेच्या बसवर मुलांना चढवायची-उतरवायची नोकरी तिने सत्तावीस वर्षं केली. बस रिकामी झाली की ती मागच्या सीटपर्यंत चालत जायची, वाकून प्रत्येक सीटखाली बघायची आणि परत येताना पुन्हा एकदा बघायची. एकदा बघणं नियमात होतं, दुसऱ्यांदा बघणं तिचं स्वतःचं. ड्रायव्हरच्या मिशा एवढ्या होत्या की पोरं त्याला झाडूकाका म्हणत. तो तोवर आरशातून तिच्याकडे बघत बसायचा.

"बाई, नवरा हरवलाय का सीटखाली?"

"तो मिळाला असता तर तुमच्या बसवर कशाला आले असते?"

त्यापुढे तो विचारत नसे. बसमधल्या पोरांना मात्र एक गोष्ट न सांगता कळलेली होती, या बाईंना मागून हात लावायचा नाही. बाई ओरडत नसत. पण पाठीवर थाप पडली की लगेच वळतही नसत. खांदे आखडून तशाच उभ्या राहायच्या, मागच्याने आता काहीतरी बोलावं अशी वाट बघत. पोरांना ओरडा परवडला असता, हे नको वाटायचं.

घरी तिला मोजआजी म्हणत. तिने लग्न केलं नाही आणि घरही बदललं नाही. आई गेली, पाठचा भाऊ दुसऱ्या शहरात संसार थाटून तिथेच तीन वर्षांपूर्वी गेला, तरी ही दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच तीन खोल्यांत राहिली. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की भाचीची दोन, भाच्याची दोन आणि मावसबहिणीच्या लेकीची जुळी, अशी सहा नातवंडं तिथे येऊन पडत. सुट्टीचे कायदे ठरलेले. पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीत टेबल मधोमध ओढून, चार खुर्च्या आणि घरातल्या झाडून सगळ्या चादरी लावून घर बांधायचं. ते शेवटच्या दिवसापर्यंत मोडायचं नाही, मग मोठ्यांना खिडकी लावायला गुडघ्यांवर रांगत जावं लागलं तरी बेहत्तर. तिसऱ्या दिवशी उलटा दिवस, म्हणजे पोरांनी घर चालवायचं आणि मोठ्यांनी बोलणी खायची. लपंडाव खेळायचा नाही. आणि घराबाहेर पडताना आणि घरात येताना दारात मोजणी.

मोजणीत ती प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवायची आणि पोराने आपला आकडा सांगायचा. सहा झाले की तिचं बोट चौकटीशेजारी खाली यायचं, चार वर्षांच्या मुलाचं डोकं जिथे येईल तिथे हवेत थांबायचं, आणि ती म्हणायची, "सात." त्या वर्षी जे सगळ्यात लहान असेल त्याने म्हणायचं, "हजर."

भाची स्वतः लहान असताना तीन सुट्ट्या तिने हजर म्हटलं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कुणाच्या घरी संध्याकाळी केर काढत नाहीत, यांच्या घरी सहाला सात मोजतात.

या वर्षी भाची पोरांबरोबर पाच दिवस राहायला आली. आल्या दिवशी दुपारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या. बाहेर चादरींवरून भांडणं चालली होती.

"आत्या, एक बोलायचंय. रागवणार नाहीस ना?"

"ते ऐकून ठरवू."

"चिमटीच्या बालवाडीतून बोलावणं आलं होतं." चिमटी म्हणजे भाचीची धाकटी, चार वर्षांची. "बाई हजेरी घेतात तेव्हा ही दोनदा हजर म्हणते. एकदा आपल्या नावाला आणि सगळी नावं संपली की परत एकदा. बाईंनी विचारलं, हे कुणासाठी? तर म्हणे, तो बोलत नाही ना, म्हणून मी बोलते."

मोजआजीने एक शेंग दोनदा सोलली.

"घरी सोफ्यावर जागा सोडते. तिथे बाबालाही बसू देत नाही."

"तुझ्या नवऱ्याला दोघांची जागा लागते. त्याची पंचाईतच झाली असेल."

"हसण्यावारी नेऊ नकोस. माझे बाबा गेले तेव्हाच हे थांबायला हवं होतं. काका जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली."

"गेला नाही. हरवला."

"तेच ते."

"तेच नाही."

भाचीने दाणे पातेल्यात टाकले. "या वेळी सहापर्यंतच मोज. नाहीतर पुढच्या वर्षी मी मुलांना पाठवणार नाही. आणि मी नाही पाठवली तर बाकीचेही पाठवणार नाहीत, हे तुलाही माहितीये."

भाचीचं काही चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. आपल्या भुताला भाकर घालायला दुसऱ्याचं पोर किती दिवस लावणार? मोजआजी म्हणाली, "बरं." आणि सालं टाकायला उठली.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी याच सुट्टीत ती अकरा वर्षांची होती. घरामागे तेव्हा लाकडी खोकी बनवायचा कारखाना होता, त्याच्या अंगणात खोक्यांच्या थप्प्या आणि दोन ट्रक उभे असत. लपायला याहून चांगली जागा नाही. राज्य तिच्यावर होतं. लपलेले सहा, त्यात पाठचा भाऊ नऊ वर्षांचा आणि शेंडेफळ चार वर्षांचं. एकेकजण सापडत गेला. तेवढ्यात वरून आईने हाक मारली, "दूध गार होतंय. तुला सोडून सहाजण आहेत, मोजून आण."

तिने जिन्याच्या पायरीवर सगळ्यांना उभं केलं आणि डोक्यांना हात लावत मोजलं. पाच झाले. मग सवयीने तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, सहा. वर जाऊन सांगितलं, सहा आहेत. दूध पिऊन झाल्यावर कप धुताना आईला एक कप भरलेलाच दिसला.

अंगणात तेव्हा एकच ट्रक उरला होता. दुसरा तीन गावांना खोकी टाकत गेला होता. त्याच्या ड्रायव्हरने काही पाहिलं नव्हतं, तिन्ही ठिकाणी काही सापडलं नाही, आणि पोर त्यात चढलं होतं की नाही हेही कधी कळलं नाही. ते मागाहून गुपचूप खाली उतरलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. आईने स्वतःला दोष दिला, दाराची कडी लावली नाही म्हणून. आई मरेपर्यंत तेच बोलत राहिली, आणि ती आईचे पाय चेपत ऐकत राहिली. आकडा कसा जमला होता हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत निघताना तिने दारात मोजलं. सहाव्या डोक्यावर बोट आलं आणि तिथून उचलून तिने ते पदरात गुंडाळलं. पोरं उभीच राहिली. सगळ्यात मोठी, चष्मेवाली, आईकडे बघायला लागली.

"झालं," भाची म्हणाली. "चला."

"हजर," चिमटी म्हणाली.

"तुझं झालंय ना मघाशी? चल, बूट घाल."

जिना उतरताना चिमटीने एक हात कठड्याला न लावता बाजूला धरला होता. भाचीने तो हात आपल्या हातात घेतला.

उलट्या दिवशी पोरांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पावाला जाम लागला त्याहून जास्त भिंतीला लागला. जुळ्यांनी मोजआजीला टॉवेल बांधून बसवलं.

"पाय हलवायचे नाहीत. सगळं संपवायचं."

"मला भूक नाही."

"बाहेरचं खाल्लंस ना? म्हणूनच."

भाची हसून हसून लाल झाली. पुढे मोठ्यांची मोजणी घ्यायची ठरली तेव्हा चष्मेवालीने दोघींच्या डोक्यांवर बोट ठेवलं, एक, दोन, आणि चटकन विषय बदलला. अकरा वर्षांच्या पोरीला एवढी जाण! मोजआजीने उरलेला पाव निमूट संपवला.

चौथ्या दिवशी दुपारी पोरं दमून चादरींच्या घरात झोपली. भाची बाजारात गेली होती. मोजआजी खुर्चीत पाय वर घेऊन बसली. चादरी जुन्या होऊन पातळ झालेल्या. आतून टेकलेल्या डोक्यांचे गोल बाहेरून दिसत होते. सवयीने तिने मोजले. सात. पुन्हा मोजले, उजवीकडून. सात. एक उशी असणार. उशीच आहे, ती स्वतःशी म्हणाली. चादर उचलली असती तर हातासरशी निकाल लागला असता. तिने उचलली नाही. आजवर आपण त्याला बोलवत होतो, दारात नाव न घेता का होईना, आणि तो येत होता. बोलावल्यावर येणारा जातोही. आता न बोलवता येऊन बसला असेल तर त्याला जा म्हणणार कोण? भाची पिशव्या घेऊन येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, पाय बधिर होईपर्यंत.

"काय गं, अशी का बसलीस? चहा टाकू?"

"टाक. जास्त टाक."

शेवटच्या दिवशी दुपारी जावई मोठी गाडी घेऊन आला. चादरींचं घर मोडलं, घड्या झाल्या, टेबल भिंतीला लागलं. भाचीने दारात पोरांना ओळीत उभं केलं आणि आत्याकडे बघितलं. त्या बघण्यात धाक नव्हता, विनवणी होती.

मोजआजीने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आवाज साफ आला. चिमटीने तोंड उघडलं आणि आईकडे बघून मिटलं. भाचीने आत्याला मिठी मारली, कानात म्हणाली, "थँक यू." सगळे धडधडत जिना उतरले.

ती घरात वळली. वाटलं होतं की हलकं वाटेल, निदान रडू तरी येईल. तसं काही झालं नाही. टेबल भिंतीला होतं, खुर्च्या त्याखाली सरकवलेल्या, फरशीवर बिस्किटाचा चुरा, आणि खोलीत कुणी नव्हतं. इतकं कुणी नसणं तिने त्या घरात कधी अनुभवलं नव्हतं. ती उगाच तिन्ही खोल्यांत फिरून आली. पलंगाखाली वाकून बघितलं. मग तिला कळलं की आपण आज काय केलं. सहा आहेत म्हणालो, सगळ्यांनी मान डोलावली, आणि आपण घरात आलो. अगदी तसंच. आकडा जमला की पुन्हा कुणी मागे वळून बघत नाही.

चपला न घालता ती खाली आली. गाडी सुरू झाली होती. तिने भाचीच्या बाजूच्या काचेवर हात मारला.

"काय विसरलं?" भाचीने काच खाली केली.

"पुढच्या वर्षी नाही पाठवलीस तरी चालेल," मोजआजी म्हणाली. तिला धाप लागली होती. "पण मी सात मोजणार."

"आत्या, आत्ताच तर आपलं ठरलं..."

"सहा मीच म्हटलं होतं त्या दिवशी. पाचच होते. सहावी म्हणून मी स्वतःला धरलं. आईने विचारलं, तर सहा आहेत म्हणाले. दूध प्यायला बसलो आम्ही. पाऊण तास गं. पाऊण तास कुणी शोधलंच नाही त्याला. ट्रक तेवढ्यात गेला."

जावयाने बायकोकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मागच्या पोरांची कुजबुज थांबली.

"बाबांना माहीत होतं?" भाचीने विचारलं.

"नाही. तो पाचांतला. त्याला वाटायचं, आपण आणखी चांगलं लपलो असतो तर राज्य चालू राहिलं असतं. एकदाच बोलला होता. तेव्हाही मी गप्प बसले."

भाची दार उघडून फुटपाथवर उतरली. "चिमटी हजर म्हणणार नाही. ते मला चालणार नाही."

"नको म्हणू देऊस."

"मग तू म्हण. तुझा भाऊ आहे."

मोजआजीने मान हलवली. "मी नाही. त्याच्या जागी मी एकदा म्हणून बसलेय."

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. भाचीने तो जाऊ दिला. मग मागचं दार सरकवलं. "उतरा रे सगळे."

"का?" जुळ्यांतला एक म्हणाला. "माझा पट्टा लावून झालाय."

"काढ. मोजणी राहिलीय."

सहाजण गाडीला पाठ लावून उभे राहिले, उंचीप्रमाणे. मोजआजी अनवाणी त्यांच्यासमोरून चालत गेली. एक. दोन. तीन. चार. पाच. चिमटी म्हणाली सहा. मग बोट तिच्या शेजारी खाली आलं आणि रिकाम्या जागेवर थांबलं.

"सात."

चिमटीने आईकडे बघितलं. आईने मानेनेच नाही म्हटलं. मोजआजीने ओठ घट्ट मिटले होते. कुणीच हजर म्हटलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या आकड्यानंतर काहीच आलं नाही, आणि ती ते ऐकत होती. जावयाने हात पुढे करून इंजिन बंद केलं.

"तो बोलत नाहीये," चिमटी हळूच म्हणाली.

"हो," मोजआजी म्हणाली. "नाही बोलत."

"मग किती वेळ थांबायचं?"

मोजआजीने भाचीकडे बघितलं. भाची गाडीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, कुठेही जायची घाई नसल्यासारखी.

"थांबू थोडं," भाची म्हणाली.