जेवणापर्यंत मराठी बंद

आमची बटालियन शांतिसेनेच्या ड्युटीवर कांगोला गेली, तेव्हा मी हवालदार होतो. गाव करडी, तालुका मोहाडी. माझ्याच सेक्शनमध्ये लान्स नायक धनराज होता. त्याचं गाव आमच्या गावापासून सायकलने जाण्याइतकं जवळ. फौजेत इतक्या जवळचा माणूस मिळायला नशीब लागतं.

निघण्याआधी आम्हाला स्वाहिली भाषेचा छोटा कोर्स झाला. वाक्यं पाठ करायची होती. थांबा. हात वर करा. रस्ता मोकळा करा. आम्ही मित्र आहोत. परीक्षेत मी वरच्या नंबरात आलो, धनराज कसाबसा पास झाला. पण तिथे पोहोचल्यावर कॅम्पच्या गेटजवळ केळी विकणाऱ्या बाईने हसून काहीतरी विचारलं आणि माझी दातखीळच बसली. धनराजचीही तीच गत. आम्ही तिला फक्त बोटं दाखवून केळी घेतली.

परत येताना धनराज म्हणाला, "भाऊ, आपन दिवसभर मराठीतच बोलून राहिलो. मंग ते भाषा कवा येईल?"

"मंग काय कराचं?"

"सकाळच्या चायपासून दुपारच्या जेवणापर्यंत मराठी बंद. हिंदीबी बंद. जो चुकला, त्यानं दोघाचे बूट चमकवाचे."

पहिले काही दिवस आम्ही इतके गप्प होतो की सुभेदारसाहेबांना वाटलं, आमचं भांडण झालंय. बूट मात्र कंपनीत सगळ्यात चकाचक. पाठ केलेल्या वाक्यांचा काही उपयोग नव्हता. धनराजला हात वर कर म्हणून मी किती वेळा सांगणार? मग आम्ही गावाकडचं बोलायला लागलो. त्यासाठी शब्द कमी पडायचे. शब्द अडला की केळीवालीकडे जायचं.

तिने आमची एक चूक पकडली. आम्ही बोलायचो ते वायरलेसवर बोलल्यासारखं. केळी, सहा, किती, बस. ती रागावून म्हणाली, आधी घरचं विचारा. हबारी या न्युम्बानी? म्हणजे, घरची काय खबर? आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? धानाचा रोवणा झाला का, पाणी पुरलं का, हे विचारल्याशिवाय कोणी कामाचं बोलत नाही. फौजेने आमची ती सवय मोडली होती, या बाईने पुन्हा लावली.

तिच्याकडूनच कळलं की शेतातल्या धानाला तिकडे म्पुंगा म्हणतात, तांदळाला म्चेले आणि शिजलेल्या भाताला वाली. इंग्रजीत तिन्हीला एकच राईस. त्या दिवशी जेवण होईपर्यंत धनराजने कसाबसा दम धरला. मग म्हणाला, "भाऊ, हे आपलेच लोक हायेत."

पुढच्या काही महिन्यांत मी त्या भाषेत अख्खं करडी बोललो. तलावाची पाळ, बैलजोडी, आईची परसबाग, चिखलणी. चुका भरपूर, पण तोंड थांबत नव्हतं. धनराज मला सुधारायचा, मी त्याला. तो रोज संध्याकाळी बायकोला, सुमनला फोन करायचा. जेवलात का, हे त्या भाषेत कसं विचारायचं ते त्याने तिला शिकवलं होतं. "उमेकुला?" ती विचारायची. "बाडो," तो म्हणायचा. बाडो म्हणजे अजून नाही. पोटभर जेवलेला असला तरी बाडोच. मग ती रागवायची, आणखी थोडा वेळ बोलायची. तेच तर त्याला हवं असायचं.

एक दिवस सकाळी आमची गस्तीची तुकडी दोन गाड्या घेऊन निघाली. वाटेतल्या एका गावात बाळंतपणात अडलेली बाई होती. तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं. दुभाष्या तापाने कॅम्पमध्येच पडलेला. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, दुपारच्या आत पोहोचलो नाही तर काही खरं नाही. पुढे वळणावर रस्त्यात आडवा ओंडका. पलीकडे पुढच्या गावातले दहा-बारा तरुण, हातात रायफली.

वायरलेसवर आवाज आला. "अल्फा टू, क्यों रुके हो? ओव्हर."

कॅप्टनसाहेब म्हणाले, "रोडब्लॉक. बात कर रहे हैं. आउट." मग माझ्याकडे वळले. "हवालदार, बात करो."

मी पुढे गेलो आणि नेमकं कोर्समधलंच तोंडातून निघालं. रस्ता मोकळा करा. रायफली वर आल्या. तेवढ्यात धनराज हेल्मेट काढून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "हबारी या न्युम्बानी?" त्याने सावकाश विचारलं. रस्त्याच्या कडेला धान पोटरीवर, लोंबी फुटायच्या बेतात आलेला होता. त्याने त्याची चौकशी केली. पाणी कुठून येतं, रोवायला किती जण लागतात. त्यांच्यातला मोठा हसला. आमच्या गाडीत कोण आहे, ते धनराजने मग सांगितलं. त्यांच्यातले दोघं ओंडक्याला हात घालायला वाकले.

तेवढ्यात टेकडीवरून फायर आला. कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. धनराज खाली बसला. पोटात लागलं होतं. त्या तरुणांना वाटलं, आम्हीच दगा केला. सगळ्या नळ्या आमच्यावर. आमच्या जवानांची बोटं ट्रिगरवर. गाडीत ती बाई ओरडत होती.

मी हत्यार खाली ठेवलं आणि बोललो. काय बोललो, ते शब्दन्‌शब्द आठवतं. न्दुगु यांगु, हा माझा भाऊ. आमचं घर फार लांब आहे. आमच्याकडेही असाच धान आहे. याला लागलंय, त्या बाईचा जीव जातोय, वाट द्या. एकही वाक्य मी जुळवलं नव्हतं. रोज सकाळी धनराजशी बोलायचो तसंच बोललो.

ओंडका हलला. त्यांच्यातल्याच दोघांनी धनराजला उचलून गाडीत ठेवलं.

त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो स्वाहिलीतच विचारत होता, बाई कशी आहे. मी म्हणालो, "धनराज, मराठीत बोल न रे. आता कायचा नियम?"

तो म्हणाला, "बाडो."

जेवण व्हायचं होतं अजून. पुढे तो बोलला नाही. दवाखान्यात पोहोचल्यावर त्या बाईला मुलगी झाली. दोघी वाचल्या. धनराज वाटेतच गेला होता.

आता मी पेन्शनवर आहे, धान करतो. भरतीची तयारी करणारी पोरंपोरी विचारतात, काका, इंग्रजी बोलता कसं येईल? मी सांगतो, जोडीदार धरा आणि जेवणापर्यंत मराठी बंद करा. माझा जोडीदार नाही, हे त्यांना सांगत नाही. तलावाच्या पाळीवर एकटाच बोलून पाहतो. शब्द गळून चालले आहेत. धानाचे तिन्ही शब्द आहेत, पण चिखलणीला काय म्हणायचो ते मागच्या वर्षीपासून आठवत नाही. धनराजला विचारावं असं फार वाटतं.

मागच्या महिन्यात मोहाडीच्या बाजारात सुमनवहिनी भेटल्या. चहाच्या टपरीवर बसलो. थोडा वेळ धानाच्या भावाचं झालं.

"भाऊ, ते भाषा अजून येते का तुमाले?"

"विसरून राहिलो, वहिनी. बोलाले कोणी नाही."

"मले एकच तं येते," त्या म्हणाल्या. पदर सारखा केला आणि विचारलं, "उमेकुला?"

मी घरून पोटभर जेवून निघालो होतो.

"बाडो," मी म्हणालो.