अप्पांचा गुडघा आणि अण्णाचा शब्द

माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, तोंड बघायची मला आजही इच्छा होत नाही. "जाऊ दे गं, भाऊच आहे," म्हणणाऱ्यांचंही मी ऐकून घेत नाही.

आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, उजव्या गुडघ्यामागच्या खळगीत लिंबाएवढी गाठ आली होती. मी हात लावला तर आत नाडीसारखं धडधडत होतं. म्हटलं, दवाखान्यात दाखवू. अण्णा म्हणाला, "शीर आखडलीय. तुला काय कळतंय त्यातलं?" आमच्यात थोरला बोलला की विषय संपला. बेळगाव सोडून बेंगळुरात तीस वर्षं झाली, पण ही खोड काही गेली नाही. होसकोट्याहून त्याने एक चोळणारा आणला. तो अंगठ्याने गाठ दाबायचा, अप्पा कळवळायचे आणि अण्णा म्हणायचा, "स्वल्प सोसा, मोकळी होतेय." आणि मी शहाणी त्यांना तेल कोमट करून देत होते!

चौथ्या दिवशी सकाळी अप्पा ओरडले. पोटरी बघता बघता टम्म फुगली आणि पाऊल गार पडलं. मारतहळ्ळीच्या त्या मेल्या ट्रॅफिकमध्ये अँब्युलन्स मुंगीच्या पावलांनी चालली होती.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "पायाची मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती, ती फुटलीय. दुसऱ्या मांडीतली शीर काढून रक्ताला नवी वाट करून देऊ. उशीर झाला तर पाय कापावा लागेल. चोळलं कुणी?"

अण्णाने खिशातून फोन काढला. सहीचा कागद पुढे आला तर म्हणतो, "थांबा, बेळगावला काकांना विचारतो." अप्पांचं पाऊल निळं पडत चाललेलं आणि ह्याला काका आठवले! कागद हिसकावून मीच सही केली. ऑपरेशन झाल्यावर दुपारी उशिरा अप्पांच्या पावलाला हात लावला, तर ऊब होती. तिथेच मला रडू फुटलं.

पाच दिवस मीच त्यांच्या उशाशी होते. अण्णा रोज पाच मिनिटं यायचा, सफरचंदं ठेवून जायचा.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाव्या गुडघ्यामागेही तसाच फुगवटा आहे. फुटायच्या आत ऑपरेशन करून घेऊ. करायचं ना?"

मी मान हलवली. अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सरी, बरं," ते म्हणाले, "अण्णाला विचारून सांगतो."