डब्यातली सखू

सिद्धरामानं सोलापुरात सखू नावाची बाई ठेवलीय आणि ती त्याच्या डब्यात राहते, अशी कुजबुज पार करकंबपर्यंत पोचली.

डबा म्हणजे त्याचा लूपर. मैंदर्गीच्या धनगराचा हा पोरगा दिवसा स्पीकर दुरुस्त करी आणि हळदीच्या कार्यक्रमात डीजेच्या बीटवर स्वतः ढोल वाजवी. पायानं खटका दाबायचा, थोडा ढोल वाजवायचा, पुन्हा खटका दाबायचा. मग डबा तेवढंच गोल गोल वाजवत बसतो आणि हात पाव्याला मोकळे. खोलीवर सराव करताना भरलेला एक लूप मात्र फार गाजला. त्यात दर फेरीला एक बाई म्हणायची, "सखू, सखू." पोरं नेमकी तिथंच उडी घ्यायची. तो आवाज काढून पाहिला तर ठेका लंगडायचा.

कोण रे ही, असं विचारलं की सिद्धराम लाजायचा. आता लाजला की लोक उरलेलं स्वतःच भरतात, त्यांना लूपर लागत नाही.

लग्न ठरलं होतं करकंबच्या विजयमालाशी. तिचे वडील धुळाप्पा मेंढरं भावावर सोपवून थेट अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या खोलीत येऊन बसले.

"जावईबापू, आमची पोरगी एकटी नांदायची का दोघी?"

"मामा, तसलं कायबी न्हाय."

"मग सखू कोण?"

खरं सांगितलं असतं तर सुटला असता. पण माझा ढोल ऐकल्याबिगर आईला घास गोड लागत न्हाय, अशी फुशारकी त्यानं याच मामांपुढं सुपारीच्या वेळी मारलेली. तो ढोलाची दोरी आवळत बसला.

"बोलत न्हाईसा? मग वाजवा की. बघू कधी येती."

सिद्धरामानं ढोल गळ्यात घातला. हात जरा कुठं बसतोय तोच पडद्याआडून तो आवाज आला. डबा तर बंद होता. धुळाप्पांनी पडदा सारला. आत सिद्धरामाची आई गौरम्मा भाकरी थापत होती. मराठी तिला बाजारापुरतीच येई.

"इहीणबाई, तुमीच व्हय सखू?"

गौरम्मानं पिठाचं बोट ढोलाकडं केलं आणि पुन्हा तेच म्हणाली. सिद्धरामाला मान खाली घालून अर्थ सांगावा लागला.

"माझी पोरगी तरी घरात वाजवू दील असं समजू नका," धुळाप्पा म्हणाले, आणि हळदीचा दिवस पक्का करूनच उठले.

सखू नावाची बाई कधी नव्हतीच. गौरम्मा 'साकु' म्हणत होती. कानडीत साकु म्हणजे पुरे.