वाळत घातलेला हत्ती

बिघडलेली कुठलीही वस्तू एका थपडेनं ठिकाणावर येते, असं माझं ठाम मत आहे. बनशंकरीत जन्मभर पिठाची गिरणी चालवली ती याच विद्येवर. (शाळेतली विद्या चौथीत संपली. मास्तरांनीही थपडा मारून पाहिल्या. तेवढा एक अपवाद!)

तर आमची नात मेघना बेळ्ळंदूरची कंप्युटरची नोकरी सोडून येलहंकाला कार्टून काढायच्या कामावर जाते म्हणाली. मी म्हटलं, "नाही. कार्टून म्हणजे पोरांचा खेळ!" माझ्या होकाराशिवाय ती जाणार नव्हती, आणि उद्या सकाळी तिकडे कळवायचं होतं.

"अज्जा, एक कार्टून बघा. अगदी पहिल्यापहिल्या काळातलं आहे. मग नाही म्हणा."

"बघतो. पण हसणार नाही!"

"कुणी सांगितलंय हसायला? स्वल्प गप्प बसा म्हणजे झालं," शेजारी अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसलेली आमची ही म्हणाली.

लग्नात रुसलेला मामा बसतो तसा मी हाताची घडी घालून टीव्हीसमोर बसलो.

सुरू झालं. रंग नाही, आवाज नाही. एक हत्ती. हत्ती कसला, चार खांबांवर ठेवलेलं गाठोडं! दोन्ही डोळे एकाच बाजूला! "याला कुणी हत्ती दाखवलाच नव्हता काय?" असं मी म्हणतोय तोवर त्या हत्तीनं आंघोळ केली, स्वतःलाच कानाला धरून उचललं आणि दोरीवर वाळत घातलं!

माझी घडी सुटली. हत्तीतून पाण्याचे थेंब पडायला लागले, आणि एकेका थेंबाला पाय फुटून तो पळत सुटला!

"मेघना, हा पळाला कसा?"

"प्रत्येक पाऊल वेगळं काढलंय, अज्जा. हातानं. एकेका पावलाला एकेक कागद."

"आणि तो कान हलला, तो?"

"तोसुद्धा."

एक कान हलावा म्हणून कुणी माणूस कागदांवर कागद काढत बसला असेल. तो माणूस कधीच गेला, आणि त्याचा कान आज बनशंकरीत हलतोय!

तेवढ्यात वारा सुटला. दोरीसकट हत्ती उडाला आणि चंद्राच्या टोकाला जाऊन अडकला. चंद्र जागा झाला, त्यानं हा एवढा जबडा उघडला, आणि सगळं चित्र थरथरायला लागलं!

"टीव्ही बिघडला!"

"नाही अज्जा, जुनी कार्टूनं अशीच—"

पण गिरणीवाला हात केव्हाच उठला होता. आमचा जुना टीव्ही म्हणजे पेटी होती. हा मेला भिंतीवरचा पापड! एका थपडेत खिळ्यावरून सुटला आणि तोंडावर पडला तो थेट हिच्या परातीत.

"अय्यो! माझे अवरेकाळू!"

"अज्जा! टीव्ही!"

"हत्तीचं काय झालं?" हे मी.

टीव्ही काळाठिक्कर. दोघी माझ्याकडे बघताहेत.

"मेघना, चंद्र त्याला गिळतो की काय?"

"फोनवर आहे पुढचं," मेघना फोन मुठीत धरून म्हणाली. "पण आधी येलहंकाचं सांगा."

"आजोबाला धमकी देतेस?"

"सरी, ठीक आहे. राहू दे मग हत्ती तिथंच."

मी गच्चीवर जाऊन आलो. आंघोळ झाली होती तरी परत केली. जिकडे बघावं तिकडे तो लटकलेला! रस्ता रुंद करायला आलेल्या बुलडोझरपुढं मी तसूभर हललो नव्हतो हो!

"जा येलहंकाला! दाखव!"

तिनं दाखवलं. चंद्रानं त्या जबड्यानं जांभई दिली, डोळे मिटले, आणि खेळ खलास. हत्ती वरच!

"पुढं?"

"पुढं नाही, अज्जा. एवढंच काढलंय."

"एवढंच? मग तू काढ! तिथं गेल्यावर पहिलं काम, त्याला खाली उतरव!"

आता मेघना रोज संध्याकाळी दमून येते आणि दारातच मला सांगते, "अज्जा, आज मागचा एक पाय सुटला बघा." आणि कार्टून म्हणजे पोरांचा खेळ म्हणणारा मी, तेवढं ऐकल्याशिवाय ताटावर बसत नाही!